नावाची अप्रतिष्ठा आणि पुनःप्रतिष्ठा : 'स्कोडा' या नावाचा अर्थवैज्ञानिक विचार

१. विषयप्रवेश

शब्दांचे अर्थ बदलतात आणि त्या बदलात काही शब्द वर चढतात, तर काही खाली घसरतात, ही गोष्ट अर्थविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजबरीने केलेला अपराध. लूट, खून, मारहाण यांचा समावेश त्या संज्ञेत होत असे. मराठीत तोच शब्द प्रशंसेचा झाला आहे. 'पाखंड' या शब्दाची गत नेमकी उलट आहे. अशोकाच्या शिलालेखांतील 'पासंड' हा शब्द कोणत्याही धर्मपंथास, कसलाही हीनभाव मनात न आणता, लावलेला आढळतो. आज त्याला ढोंग आणि धर्मबाह्य आचरण यांखेरीज दुसरा अर्थ उरलेला नाही. पहिल्या प्रकारास अर्थोत्कर्ष आणि दुसऱ्यास अर्थापकर्ष अशा संज्ञा रूढ आहेत.

ही दोन्ही उदाहरणे सामान्यनामांची आहेत. विशेषनामांच्या बाबतीत असा उत्कर्षापकर्ष संभवतो काय, हा प्रश्न मात्र तितकासा विचारला जात नाही. त्याचे कारण उघड आहे. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, विशेषनाम वस्तूचा निर्देश करते, तिच्या गुणांचे कथन करीत नाही. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून एखाद्या गावास डार्टमथ हे नाव पडले असेल. परंतु उद्या नदीने आपला प्रवाह बदलला तरी गावाचे नाव बदलणार नाही. विशेषनामास मुळी अर्थच नसेल, तर तो वर चढणार कसा आणि खाली येणार कसा?

भाषेचा प्रत्यक्ष व्यवहार मात्र याहून निराळे सांगतो. 'देवानांप्रिय' हे अशोकाचे बिरुद. त्याच्या शिलालेखांत ते राजाच्या नावासारखेच येते. उत्तरकालीन संस्कृत व्याकरणपरंपरेत, भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त, हाच समास 'मूर्ख' या अर्थी नोंदलेला आहे. सम्राटाचे बिरुद शिवी होऊन बसावे, हा प्रवास केवळ निर्देशाचा नव्हे. व्यक्तीच्या, पंथाच्या, गावाच्या किंवा वस्तूच्या नावाभोवती समाज काही अर्थ जमा करीत असतो, आणि वस्तू बदलल्यावरही तो अर्थ बराच काळ टिकून राहू शकतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका आधुनिक उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण मोटारगाडीच्या नावाचे आहे. विद्यापीठीय पत्रिकेत मोटारगाडीची चर्चा कोणास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या नावाचा अपकर्ष आणि उत्कर्ष अशा दोन्ही अवस्था एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत, एकाच भाषेत, तारीखवार घडल्या, असे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही. 'साहस' शब्दास जे घडावयास अनेक शतके लागली, ते 'स्कोडा' या नावास ब्रिटनमध्ये सुमारे पंचवीस वर्षांत घडले.

२. नावाची पूर्वपीठिका

या गाड्यांच्या उद्योगाचा आरंभच एका भाषिक अवमानातून झाला, असे त्याच्या इतिहासात सांगितले जाते. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता आणि उद्योगधंद्यांत जर्मन भाषेचे वर्चस्व होते. म्लादा बोलेस्लाव्ह या गावच्या व्हात्स्लाव्ह क्लेमेंट नावाच्या पुस्तकविक्रेत्याने आपल्या जर्मन बनावटीच्या सायकलीच्या दुरुस्तीसंबंधी कंपनीच्या कचेरीकडे चेक भाषेत पत्र लिहिले. उत्तर हवे असल्यास आम्हांस समजेल अशा भाषेत लिहावे, असे त्यास कळविण्यात आले. क्लेमेंटने व्हात्स्लाव्ह लाउरिन या यंत्रकारागिरास हाताशी धरून १८९५ साली स्वतःचाच सायकलींचा कारखाना काढला. त्या सायकलींना नाव दिले 'स्लाविया'. जर्मन कंपनीच्या सायकलीचे नाव 'जर्मानिया' असे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नामकरणातील प्रत्युत्तर ध्यानात येते. पुढे मोटारसायकली आणि १९०५ पासून मोटारगाड्या तेथे तयार होऊ लागल्या.

'श्कोडा' हे नाव नंतर आले. एमिल श्कोडा या अभियंत्याने १८६९ साली प्ल्झेन येथील एक यंत्रकारखाना विकत घेतला व त्यास साम्राज्यातील अग्रगण्य शस्त्र व यंत्रनिर्मितीचे रूप दिले. १९२५ साली लाउरिन आणि क्लेमेंट यांचा कारखाना या उद्योगसमूहात विलीन झाला आणि गाड्यांना श्कोडा हे नाव लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले व म्लादा बोलेस्लाव्हचा कारखाना सरकारी मालकीचा झाला.

भाषाभ्यासकास या नावाची व्युत्पत्ती विशेष महत्त्वाची वाटेल. चेक भाषेत 'श्कोडा' हे नुसते आडनाव नाही. तो नित्याच्या वापरातला शब्द आहे. त्याचा अर्थ नुकसान, हानी. आणि उद्गारवाचक म्हणून वापरला असता, 'हळहळण्याजोगी गोष्ट'. प्राचीन उच्च जर्मनमधील 'स्कादो' या शब्दावरून तो चेकमध्ये आला. आजच्या जर्मनमधील 'शाडेन' हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे, आपल्याकडे एखाद्या गाडीचे नाव 'नुकसान' किंवा 'अरेरे' असावे, तसा हा प्रकार आहे.

तरीही चेक समाजात हे नाव पिढ्यान् पिढ्या अभिमानाने उच्चारले गेले. यात नवल नाही. आपल्याकडेही मुलास दृष्ट लागू नये म्हणून केरू, दगडू, धोंडू अशी नावे ठेवण्याची चाल होती, आणि केरू नावाच्या माणसास हाक मारताना कोणाच्या मनात केर येत नाही. योगापेक्षा रूढी बलवत्तर, हा आपल्या शास्त्रकारांचा न्याय येथे तंतोतंत लागू पडतो.

ब्रिटनमध्ये तर व्युत्पत्तीचा प्रश्नच नव्हता. नावाच्या आद्याक्षरावरील लहानसे चिन्ह, ज्यामुळे 'स'चा उच्चार 'श' होतो, ते इंग्रजी लेखनात गळून पडले आणि 'श्कोडा'चा 'स्कोडा' झाला. मराठीनेही हे रूप इंग्रजीमार्फतच घेतले. यापुढे तेच वापरले आहे. या स्थित्यंतरातून एक ठळक निष्कर्ष निघतो. जेथे नावाचा अर्थ 'नुकसान' हे प्रत्येकास ठाऊक होते तेथे त्या नावास मान होता, आणि जेथे तो अर्थ जवळजवळ कोणासच ठाऊक नव्हता तेथे त्याची टवाळी झाली. तेव्हा नावाच्या अप्रतिष्ठेचे मूळ व्युत्पत्तीत शोधणे व्यर्थ होय.

३. टवाळीतील सत्यांश

मग ते मूळ वस्तूत शोधावे काय? अंशतः होय. १९६४ साली स्कोडाने '१००० एम्. बी.' ही गाडी बाजारात आणली. तिचे एंजिन मागील बाजूस होते. त्या काळी ही रचना मागासलेली मानली जात नसे. जर्मनीची फोक्सवागेन, फ्रान्सची रेनॉल्ट ८, खुद्द ब्रिटनची हिलमन इंप या गाड्यांची एंजिनेही मागेच होती. शिवाय एम्. बी.च्या एंजिनाचा ठोकळा दाब देऊन ओतलेल्या ॲल्युमिनियमचा होता, आणि हे त्या काळच्या मानाने पुढारलेले तंत्र होते.

पुढील वीस वर्षांत पश्चिम युरोपातील छोट्या गाड्यांची रचना पालटली. एंजिन पुढे व पुढच्याच चाकांना गती, ही पद्धत सर्वत्र स्थिरावली. स्कोडाचे अभियंते या बदलास अनभिज्ञ होते असे नाही. परंतु नियोजित अर्थव्यवस्थेत नव्या रचनेस लागणारा पैसा आणि संमती कारखान्याच्या हाती नव्हती. १९७६ साली आलेल्या '१०५' व '१२०' या गाड्यांतही एंजिन मागेच राहिले. मागील चाकांच्या आसांची मांडणीही जुनीच होती. भार मागे असल्याने ओल्या रस्त्यावर वेगात वळण घेताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची प्रवृत्ती असे. ब्रिटिश परीक्षकांनी या दोषाकडे वारंवार बोट दाखविले, आणि ते अन्यायाचे नव्हते. वस्तू फारशी बिघडली नव्हती. ती जागच्या जागी राहिली आणि भोवतालचे जग पुढे गेले.

परंतु याच काळात याच रचनेवर आधारलेल्या '१३० आर्. एस्.' या गाडीने १९७७ च्या माँटे कार्लो शर्यतीत आपल्या गटात विजय मिळविला होता, हेही नोंदविले पाहिजे. ब्रिटनमध्ये 'एस्टेल' या नावाने विकली जाणारी स्कोडा नव्या गाड्यांतील अत्यंत स्वस्त गाड्यांपैकी एक होती आणि तिला निष्ठावंत ग्राहकही होते. ज्यास जुनी, वापरलेली गाडी नको आणि महाग नवी गाडी परवडत नाही, अशा माणसास ती उपयोगी होती. म्हणजे वस्तूत दोष होते, तसे गुणही होते. टवाळीने त्यांतील दोष तेवढे उचलले, आणि पुढे तर दोषांचीही तिला गरज उरली नाही. ती स्वतःच्या बळावर चालू लागली.

४. विनोदाची घडण

१९८० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये स्कोडावरील विनोदांचे पीक आले. त्यांतील दोन-तीन नमुन्यांदाखल पाहू. स्कोडाच्या मागच्या काचेत उष्णतेच्या तारा कशासाठी बसविलेल्या असतात? गाडी ढकलताना हात गारठू नयेत म्हणून. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करावी? तिच्या टाकीत पेट्रोल भरून. तिसरा विनोद शब्दनिष्ठ आहे. एक जण सुट्या भागांच्या दुकानात जाऊन स्कोडाकरिता टाकीचे एक झाकण मागतो. दुकानदार क्षणभर विचार करून म्हणतो, 'ठीक आहे, सौदा वाजवी दिसतो.' इंग्रजीतील 'फॉर' या अव्ययाने 'च्याकरिता' आणि 'च्या मोबदल्यात' असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात, यावर हा विनोद उभा आहे. मराठीत हे दोन अर्थ भिन्न प्रत्ययांनी सांगितले जात असल्यामुळे तो भाषांतरात मरतो.

या विनोदांविषयी दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ते स्कोडाचे नव्हेतच. हेच विनोद रशियाच्या लाडावर, युगोस्लाव्हियाच्या युगोवर आणि पूर्व जर्मनीच्या ट्राबांटवर सांगितले जात. विनोदाचा साचा ठरलेला, त्यात एक रिकामी जागा. त्या जागी कोणते नाव घालावयाचे, हे समाज ठरवितो. एकदा एखादे नाव त्या जागी रूढ झाले की, विनोद सांगणाऱ्यास ती गाडी पाहिलेली असण्याचीही आवश्यकता उरत नाही. या अवस्थेत 'स्कोडा' हा शब्द अमुक एका गाडीचा निर्देश करीत नसून 'हास्यास्पद वस्तू' या वर्गाचा प्रतिनिधी झालेला असतो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर अभिधा मागे पडून लक्षणा रूढ झालेली असते. मिलच्या सिद्धान्तास जो अपवाद आपण शोधत होतो, तो येथे मिळतो.

दुसरी गोष्ट अशी की, सारख्याच विनोदाचा अर्थ तो कोण सांगतो यावर अवलंबून असतो. चेक लोकही आपल्या गाडीची थट्टा करीत. 'एम्. बी.' ही अक्षरे म्लादा बोलेस्लाव्ह या गावाची; परंतु लोकांनी त्यांचा विस्तार 'एक हजार छोटी दुखणी' अशा अर्थाच्या शब्दांनी केला. त्याच गाडीस ते लाडाने 'एम्बेच्को' असेही म्हणत. ज्यांनी ती गाडी मिळविण्यासाठी वाट पाहिली, पावसात तिच्याखाली पडून दुरुस्ती केली, कुटुंबाला घेऊन तीतून प्रवास केला, त्यांची ही थट्टा होती. आपल्याकडील लाल रंगाच्या एस्. टी.स 'लाल डबा' म्हणणाऱ्याच्या मनात जी आपुलकी असते, तीच येथे आहे.

ब्रिटिश विनोदात ती आपुलकी नव्हती. तेथे थट्टा गाडीची होती, तितकीच गाडी घेणाऱ्याची होती; आणि त्यामागे लोखंडी पडद्यापलीकडील समाजव्यवस्थेविषयीचा एक निर्णयही होता. म्लादा बोलेस्लाव्हचा कामगार त्या निर्णयास जबाबदार नव्हता. परंतु त्याच्या श्रमाची किंमत मात्र त्यावरून ठरली. शब्दाच्या अर्थापकर्षाचे परिणाम शब्दकोशापुरते मर्यादित राहत नाहत, ते असे.

५. वस्तू सुधारली, नाव मागे राहिले

आता अपकर्षाकडून उत्कर्षाकडे वळू. १९८७ साली, म्हणजे साम्यवादी राजवटीतच, स्कोडाने 'फाव्होरिट' ही गाडी सादर केली. तिचे एंजिन पुढे होते, गती पुढच्या चाकांना होती आणि बाह्यरूप इटलीच्या बेर्तोने या प्रख्यात संस्थेने आखले होते. टवाळीचा जो मुख्य तांत्रिक आधार, तो या एका पावलाने नाहीसा झाला. १९८९ साली राजवट बदलली. १९९१ साली जर्मनीच्या फोक्सवागेन कंपनीशी भागीदारी झाली आणि २००० सालापर्यंत स्कोडाची संपूर्ण मालकी तिच्याकडे गेली. १९९४ साली 'फेलिसिया' आणि १९९६ साली 'ऑक्टाव्हिया' या गाड्या आल्या. ऑक्टाव्हियाचा सांगाडा फोक्सवागेनच्या गोल्फ या नावाजलेल्या गाडीशी समान होता.

एखाद्या नावाचा अर्थ वस्तूच्या गुणांवरून ठरत असता, तर ब्रिटनमध्ये स्कोडाची प्रतिष्ठा या दहा वर्षांत क्रमाक्रमाने वाढावयास हवी होती. तसे झाले नाही. १९९८ साली ऑक्टाव्हिया ब्रिटनमध्ये आली तेव्हा परीक्षकांनी तिची स्तुती केली आणि तिच्यामागे फोक्सवागेन आहे हे जाहिरातींतून सांगण्यात आले. तरी ग्राहक बिचकलेलेच राहिले. गाडी चांगली आहे हे मान्य, परंतु ती दारात उभी केल्यावर शेजारी काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न होता. वस्तुज्ञान बदलले होते, शब्दार्थ बदलला नव्हता.

वस्तू आणि नाव यांच्यामधील या अंतराचे कारण शब्दार्थाच्या सामाजिक स्वरूपात आहे. वस्तूविषयीचे मत एकेकटा माणूस अनुभवाने बदलू शकतो. शब्दाचा अर्थ मात्र कोणाही एकट्याच्या मालकीचा नसतो. 'स्कोडा म्हणजे टाकाऊ' हे मला खोटे वाटत असले, तरी इतरांस ते खरे वाटते हे मला ठाऊक असते. आणि इतरांसही माझ्याविषयी तसेच वाटत असते. अशा स्थितीत प्रत्येकाचे खाजगी मत पालटूनही सार्वजनिक अर्थ जागचा हलत नाही. मिशेल ब्रेआल याने १८९७ मधील आपल्या अर्थविज्ञानावरील ग्रंथात, शब्दांस अधोगतीची नैसर्गिक ओढ असते हे मत नाकारले होते व अशा बदलांचे मूळ बोलणाऱ्यांच्या मनोवृत्तीत शोधले होते. स्कोडाचे उदाहरण त्याच्या मतास पुष्टी देते. ओढ शब्दात नसते; बोलणाऱ्यांच्या एकमेकांविषयीच्या अपेक्षांत असते.

६. पुनःप्रतिष्ठेची भाषिक युक्ती

ही कोंडी फुटली ती २००० साली, 'फाबिया' या नव्या छोट्या गाडीच्या निमित्ताने. लंडनच्या फॅलन या जाहिरातसंस्थेने जी मोहीम आखली, तिच्यात गाडीच्या गुणांची यादी नव्हती आणि जुन्या आरोपांचे खंडनही नव्हते. एका चित्रफितीत वाहनतळावरचा रखवालदार गाडीच्या मालकास ओशाळून सांगतो की, कोणी तरी वात्रट पोरांनी तुमच्या सुंदर गाडीवर स्कोडाचे चिन्ह चिकटविले आहे. ही गाडी स्कोडाच असेल, ही कल्पना त्यास शिवतही नाही. मोहिमेच्या घोषवाक्याचा आशय होता, 'ही स्कोडाच आहे, अगदी खरे सांगतो.'

या युक्तीचे भाषिक विश्लेषण उद्‌बोधक आहे. समजा, कंपनीने 'स्कोडा आता वाईट नाही' असे म्हटले असते. हे विधान निषेधाचे आहे. परंतु त्यातील 'आता' हा शब्द 'पूर्वी ती वाईट होती' हे गृहीत धरावयास लावतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात नेमके तेच गृहीत पुन्हा जागे होते. विधान खरे असो वा खोटे, त्यामागील गृहीत दोन्ही स्थितींत अबाधित राहते. पी. एफ्. स्ट्रॉसन याने १९५० साली आपल्या निबंधात निर्देशक शब्दांविषयी जो विचार मांडला, त्यातून पूर्वगृहीताची ही कल्पना अर्थविज्ञानात पुढे विकसित झाली. निषेधाने पूर्वगृहीत मरत नाही, हे तिचे मर्म.

रखवालदाराच्या प्रसंगात पूर्वगृहीताशी वाद घातलेला नाही. ते एका पात्राच्या तोंडी घातले आहे. 'स्कोडा म्हणजे टाकाऊ' हा समज रखवालदाराचा झाला, आणि प्रेक्षक त्या समजाकडे बाहेरून पाहू लागला. आजवर प्रेक्षक स्कोडास हसत होता. आता तो स्कोडास हसणाऱ्यास हसला. विनोदाचा साचा तोच राहिला, त्यातील रिकाम्या जागी बसणारी व्यक्ती तेवढी बदलली. शिवाय हे लक्षावधी लोकांनी एकाच वेळी पाहिले, आणि इतरांनीही ते पाहिले आहे हे प्रत्येकास ठाऊक झाले. वर वर्णिलेली परस्परअपेक्षांची कोंडी फुटण्यास याच गोष्टीची गरज होती.

अर्थात युक्तीचे सामर्थ्य येथे संपते. 'खरे सांगतो' असे म्हणणाऱ्याची गाडी प्रत्यक्षात वाईट निघाली असती, तर विनोद दुप्पट वेगाने परतला असता. येथे युगोशी तुलना उपयुक्त ठरेल. युगो १९८५ साली अमेरिकेत आली, तिच्यावरही तेच विनोद झाले, आणि १९९२ साली ती त्या बाजारातून गेली. पुढे देशच फुटला आणि २००८ साली तिचे उत्पादन संपले. जुन्या नावाखाली नवी वस्तू आणण्याची संधी तिला मिळालीच नाही. तिचे नाव अमेरिकन इंग्रजीत विनोदाच्या रूपाने गोठून राहिले. स्कोडास वस्तूही मिळाली आणि ती वस्तू नावापर्यंत पोहोचविणारी भाषाही मिळाली.

पुढील काळात ब्रिटनमधील स्कोडाची विक्री वाढत गेली. तेथील पोलीस दलांनी ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती गस्तीकरिता स्वीकारली. २०१४ साली स्कोडाने जगभरात मिळून प्रथमच एका वर्षात १० लाखांहून अधिक गाड्या ग्राहकांस दिल्या. जुने विनोद आजही कोणी सांगतो. परंतु ते सांगणाऱ्याच्या वयाची जाणीव करून देतात, गाडीच्या दर्जाची नव्हे.

७. तेच नाव भारतात

या विवेचनाची एक पडताळणी आपल्या अगदी जवळ उपलब्ध आहे. स्कोडाने १९९९ साली भारतात कंपनी स्थापन केली आणि २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. ब्रिटनमध्ये ज्या सुमारास हे नाव टवाळीतून नुकते सुटू लागले होते, त्याच सुमारास ते मराठीत प्रविष्ट झाले. आणि झाले ते सरळ प्रतिष्ठेच्या आसनावर. सर्वसामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची, परदेशी, भक्कम गाडी असा तिचा लौकिक होता. 'त्यांनी स्कोडा घेतली' या वाक्यात त्या काळी 'त्यांचे बरे चालले आहे' हा ध्वनी होता. गाडी तीच आणि नाव तेच. इंग्रजी विनोदांचा साचा मात्र मराठीत आलेला नव्हता, म्हणून त्यातील रिकामी जागाही नव्हती.

पुढे या समूहाचे भारतातील कार्य पुण्यात एकवटले. २०२२ पासून चाकणच्या कारखान्यात तयार होऊन बाजारात आलेल्या एका गाडीस कंपनीने 'स्लाविया' हे नाव दिले आहे. क्लेमेंटच्या पहिल्या सायकलीचे ते नाव. चेक भाषेस नकार मिळाल्याच्या संतापातून जे नाव जन्मले, ते आज मराठी कामगारांच्या हातून गाडीवर चढते. परंतु त्यातील संताप येथवर आलेला नाही. आपणांस ते एक गोड, स्त्रीलिंगी भासणारे परके नाव वाटते. नाव प्रवास करते तेव्हा त्याचा इतिहास त्याच्याबरोबर आपोआप येत नाही, याचे हे आणखी एक प्रमाण.

८. उपसंहार

वरील चर्चेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, विशेषनामास व्युत्पत्तीने नव्हे तर समाजव्यवहाराने अर्थ प्राप्त होतो, आणि तो अर्थ भाषासमाजागणिक भिन्न असू शकतो. दुसरी, वस्तू सुधारणे ही नावाच्या उत्कर्षाची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. वस्तू आणि नाव यांच्यामध्ये काळाचे एक अंतर राहते. तिसरी, हे अंतर खंडनाने कमी होत नाही. समाजाच्या सामायिक गृहीताकडे समाजासच बाहेरून पाहावयास लावणारी एखादी उक्ती लागते.

या निष्कर्षांचे क्षेत्र मोटारगाड्यांपुरते नाही. मराठीतील 'गावठी' हा शब्द घ्या. शहरी बोलण्यात तो वर्षानुवर्षे हीनतेचा होता आणि माणसाविषयी वापरला असता आजही आहे. परंतु 'गावठी तूप', 'गावठी अंडी', 'गावठी कोंबडी' या प्रयोगांत तो अस्सलपणाचा द्योतक झाला असून त्यासाठी शहरी ग्राहक अधिक किंमत मोजतो. शब्द एक, काळ एक, समाज एक. वस्तूंच्या बाबतीत उत्कर्ष घडला आणि माणसांच्या बाबतीत घडला नाही. मुंबईत 'घाटी' या शब्दाचे काय झाले, हे सांगावयास नको. तो मुळात केवळ प्रदेशवाचक होता.

बोलींच्या नावांचीही हीच कथा आहे. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी यांची व्याकरणे व कोश आज उपलब्ध आहेत, त्यांतील साहित्य मान्यता पावले आहे, आणि भाषाविज्ञानाच्या दृष्टीने बोली हीन नसते हे विधान प्रथम वर्षाचा विद्यार्थीही बिनचूक लिहितो. असे असूनही व्याख्यानाच्या खोलीत एखाद्या विद्यार्थ्याच्या तोंडून बोलीचा उच्चार निसटला तर हास्य उमटते, आणि पुढच्या वेळी तो विद्यार्थी प्रश्न विचारीत नाही. ज्ञान बदलले आहे, अर्थ बदललेला नाही. या अंतराची किंमत कोण देतो, हे आपल्या समोरच बसलेले असते.

स्कोडाचे उदाहरण आपल्या अभ्यासास एक निश्चित दिशा सुचविते. बोलींच्या थोरवीचे पुनःपुन्हा प्रतिपादन करण्यापेक्षा, त्यांच्याविषयीचे विनोद गोळा करून त्यांचे साचे तपासावेत. कोणत्या जागी कोणते नाव घातले जाते, कोणी सांगितल्यास ते आपुलकीचे होतात आणि कोणी सांगितल्यास अवमानाचे, याची प्रदेशवार व पिढीवार नोंद करावी. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री त्यांच्या घरी, वसतिगृहात आणि एस्. टी.च्या प्रवासात विपुल पडलेली आहे.